इंचदादांचं स्वतःचं सामान

लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवण्याच्या धंद्यात इंचदादांना चाळीस वर्षं झाली होती, आणि या चाळीस वर्षांत दोन गोष्टी त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. वस्तू उचलायच्या आधी दाराकडे बघायचं, आणि वस्तू टेकवायच्या आधी घरातल्या बाईला विचारायचं, "ताई, हे कुठे ठेवू?" घरातल्या पुरुषाला विचारण्यात काही अर्थ नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पुरुष म्हणतो, "ठेवा हो कुठेही." मग तासाभराने त्याच्या बायकोचा फोन येतो आणि सगळं पुन्हा उचलावं लागतं.

त्यांचं नाव पडलं ते या दाराकडे बघण्यावरून. टेप वगैरे काढायची त्यांना गरज नसे. कपाटाकडे एकदा, चौकटीकडे एकदा बघून ते सांगत, "अर्ध्या इंचाने जाईल," आणि ते जायचंच. "नाही जायचं," म्हणाले तर देव आला तरी जायचं नाही. एका साहेबांनी यावरून वाद घातला होता. त्यांचा सोफा जिन्याच्या वळणावर असा काही रुतून बसला की दोन दिवस अख्खी इमारत त्याच्यावरून चढून ये-जा करत होती. तेव्हापासून साहेबही "दादा म्हणतील तसं" म्हणायला लागले.

दादांच्या जोडीला सव्वीस वर्षं एकच माणूस होता. जड वस्तूचं खालचं टोक नेहमी त्याच्याकडे असायचं, त्यामुळे जिन्यात त्याच्या तोंडून "हळू, हळू" याखेरीज दुसरा शब्द निघत नसे. साहजिकच त्याचं नाव हळू पडलं. हळूच्या बायकोनेही ते नाव मान्य केलं होतं.

तर अशा या इंचदादांवर वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्वतःचं घर विकायची वेळ आली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. चोपन्न पायऱ्या. दादांना त्या पायऱ्यांचं काही वाटत नसे, रिकाम्या हाताने चढायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आरामच होता. पण त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. चार महिन्यांत ती फक्त दोनदा खाली उतरली होती, तीही डॉक्टरकडे जायला, आणि उतरली म्हणजे काय, तर खुर्चीत बसवून दादांनी वरून आणि हळूने खालून पट्टे लावून तिला उतरवलं होतं. "कोपर आत घे," दादा सवयीने म्हणाले होते, "भिंतीला घासेल." ती म्हणाली होती, "मला घोंगडीत गुंडाळून वर दोरी बांधली नाहीत, हेच नशीब."

ती हसून बोलली, पण परत वर आणताना पहिल्या मजल्यावर तिने डोळे मिटून घेतले होते, ते दादांनी पाहिलं होतं.

आणि मग एक तळमजल्याचं घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे चार कुंड्या मावतील एवढं अंगण, दारात एकच पायरी. तिथली म्हातारी मालकीण मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. दादांच्या बायकोचं आणि तिचं फोनवर एवढं जमलं की तिने शब्द दिला, "महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला हो म्हणणार नाही. त्यानंतर मात्र माझाही नाइलाज आहे." म्हणजे महिनाअखेरच्या आत हे घर विकलं गेलं तर ते घर हाती येणार होतं. नाहीतर चोपन्न पायऱ्या होत्याच.

पहिल्या दहा दिवसांत तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिल्याने दारातच उभं राहून मान आत घातली आणि म्हणाला, "लहान आहे." दुसरी बाई आत येऊन वळायला गेली तर तिची पर्स दिवाणाला अडकली, आणि तिने पाय काढता घेतला. तिसऱ्याने, बँकेतल्या एका चष्मेवाल्या माणसाने, सगळं नीट बघितलं, पाणी घेतलं, घराचं कौतुक केलं आणि जिन्यात बायकोला फोनवर सांगितलं, "खुराडं आहे गं."

दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लहान? पुढची खोली सोळा बाय बारा आहे! यांच्या डोळ्यांत काय बिघाड आहे?"

खोली सोळा बाय बाराच होती. फक्त ती दिसत नव्हती. त्याचं कारण असं, की दादांनी ती भरली होती.

गाडी कशी भरायची याचं एक शास्त्र असतं. उंच आणि जड सामान मागच्या भिंतीला, त्याला लागून मधलं, पोकळीत हलकं, आणि कुठेही बोट शिरेल एवढी फट ठेवायची नाही. फट राहिली की रस्त्यात सामान हलतं आणि हललं की फुटतं. चाळीस वर्षं गाड्या भरून हे शास्त्र दादांच्या हाडात मुरलं होतं, आणि त्याच हातांनी त्यांनी स्वतःचं घर लावलं होतं. मागच्या आणि डावीकडच्या भिंतींना कपाटं, कपाटांना चिकटून दिवाण, दिवाणाखाली ट्रंका, ट्रंकांमधल्या फटीत गुंडाळलेल्या सतरंज्या. टेबलाच्या पायांमध्ये स्टूल असं बसलं होतं की ते काढायला टेबल तिरपं करावं लागे. एकोणतीस वर्षांत त्या घरातली एक कपबशी फुटली नव्हती, आणि हे दादा अभिमानाने सांगत. उद्या घराला कोणी चाकं लावली असती तर ते घर पन्नास मैल जाऊन जसंच्या तसं उभं राहिलं असतं.

चौथ्या दिवशी, म्हणजे तिसरं गिऱ्हाईक गेल्यानंतरच्या चौथ्या दिवशी, एजंटबाई आल्या. बाई स्पष्टवक्त्या होत्या. दिवाण आणि टेबल यांच्यामधून तिरप्या सरकत त्या खुर्चीपर्यंत पोचल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे असं विकलं जाणार नाही. स्टेजिंग करावं लागेल."

"म्हणजे काय हो?" दादांच्या बायकोने विचारलं.

"म्हणजे तुमचं सामान थोडे दिवस बाहेर ठेवायचं. भाड्याचं छान, मोजकं फर्निचर आणून घर सजवायचं. लोक येतात, बघतात, त्यांना इथे राहावंसं वाटतं. विकलं गेलं की फर्निचर परत. माझ्या ओळखीची एक सजावटवाली आहे, तिचं मी बघते."

"मला नका सांगू स्टेजिंग," दादा म्हणाले. "त्या सजावटवालीचं सामान कोण हलवतं? आम्हीच! तिचा तो करडा सोफा मी अकरा घरांत चढवलाय. काचेच्या भांड्यातली प्लॅस्टिकची लिंबं मी स्वतः मोजून पोचवतो. तिची पुस्तकं उघडत नाहीत, चिकटवलेली आहेत. खोटं घर आहे ते, बाई. नाटक नुसतं."

"दादा, सगळेच करतात."

"आणि तो पलंग? पलंग नेहमीच्यापेक्षा वीतभर लहान आहे, खोली मोठी दिसावी म्हणून. मागे एका घरात लोक भुलले, घर घेतलं. मग त्यांचं खरं सामान घेऊन मीच गेलो. त्यांचा पलंग टेकवला आणि दार लागेना. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच तिला फसवलंय. तेव्हाच मी कानाला खडा लावला. माझ्या घरात हे चालायचं नाही."

एजंटबाई उठल्या. पुन्हा तिरप्या सरकत दारापर्यंत गेल्या. "तेरा दिवस राहिलेत," एवढंच बोलल्या.

त्या गेल्या. दादांची बायको स्वयंपाकघरात आपल्या दिव्याखाली जाऊन बसली. ती एका शिंप्याकडच्या कोटांची काजं करायची, हाताने, रेशमी धाग्याने. हे काम तिने लग्नाआधीपासून केलं होतं आणि आता गरज नव्हती तरी सोडलं नव्हतं. दादा दोन कप चहा घेऊन तिच्याजवळ येऊन उभे राहिले. आपली बाजू तिला पटली असणार, असं त्यांना वाटत होतं.

"मी म्हणालो ते चुकलं का?"

"नाही, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. सुई थांबली नव्हती. "पण मला खाली जायचंय."

दादांनी चहा संपवला, कप विसळला आणि एजंटबाईंना फोन लावला. "हो म्हणा तिला. पण माझी एक अट आहे. प्रत्येक वस्तू पुऱ्या मापाची हवी. बुटका पलंग आला तर मी जिन्यातूनच परत पाठवीन. मला टेप लागत नाही, हे तिला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हळू आला. दोघांनी मिळून घर उतरवायला सुरुवात केली. सामान कामाच्या ठिकाणच्या गोदामात जायचं होतं. आधी सतरंज्या, मग ट्रंका, मग दिवाण. दिवाण हलला तशी खालची फरशी दिसली, आणि तिचा रंग वेगळा निघाला. हळू म्हणाला, "दादा, तुमच्याकडे एवढी जमीन आहे हे बोलला नव्हतात कधी." शेवटी राहिलं ते डावीकडचं मोठं कपाट, शिसवी, तीन दारांचं, दादांच्या सासऱ्यांनी दिलेलं. दोघांनी पट्टे घातले. "उचल," दादा म्हणाले. "हळू, हळू," हळू म्हणाला, आणि कपाट भिंतीपासून सुटलं.

कपाटाच्या मागून उजेड आला.

आधी एक पट्टी आली, मग पुढे सरकावं तशी ती रुंद होत गेली, आणि कपाट खोलीच्या मधोमध आलं तेव्हा डावीकडच्या भिंतीत पुरुषभर उंचीची दोन झडपांची खिडकी उभी होती. काचांवर बोटभर धूळ होती. तरी त्या धुळीतून सकाळचा उजेड फरशीवर येऊन पडला होता.

दादांनी पट्टे सोडले. "अगं, ये गं इकडे," त्यांनी हाक मारली. "इथे खिडकी होती!"

ती भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत दाराशी आली. "होती काय," ती म्हणाली, "आहे."

आणि मग दादांना आठवलं. ते दोघं या घरात आले तो दिवस. दिवसभर दुसऱ्या कोणाच्या चार खोल्या हलवून संध्याकाळी त्यांनी स्वतःचं सामान वर आणलं होतं. कपाट सगळ्यात शेवटी आलं. दादांची पाठ भरून आली होती. समोर जी भिंत आली तिला त्यांनी ते लावलं आणि म्हणाले, "आत्तापुरतं राहू दे इथे." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामावर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी कपाटाला चिकटून दिवाण आला, दिवाणाखाली ट्रंका आल्या, सगळं घट्ट बसलं. घट्ट बसलेली गाडी कोण उघडतो?

ओल्या फडक्याने दादा काच पुसायला लागले. खाली रस्ता दिसत होता, पलीकडे शाळेचं पटांगण, एक पिंपळ, बेकरीची पाटी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीचे पाइप दिसत, आणि चार महिने बायको ते पाइप बघत बसली होती. दादांनी काच जरा जास्तच वेळ पुसली, कारण मागे वळून बघायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुपारी सजावटवालीची गाडी आली. चाळिशीतली, केस वर बांधलेली, कामसू बाई. तिने दादांना पाहिलं आणि आधीच सांगून टाकलं, "सगळं पुऱ्या मापाचं आणलंय हं, दादा. लिंबंसुद्धा आज खरी आहेत." करडा सोफा बाराव्या घरात चढला. पलंग दादांनी दारातच डोळ्यांनी मोजला आणि मान हलवून आत घेतला. मग गाडीतून एक खुर्ची आली. साधी, लाकडी, रुंद हातांची, पाठ थोडी मागे कललेली.

सजावटवालीने ती उचलून खोलीत आणली, इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या दादांच्या बायकोला अगदी सहज विचारलं, "मावशी, ही कुठे ठेवू?"

"खिडकीपाशी," बायको म्हणाली. क्षणभरही थांबली नाही. "एकदम जवळ नको, दुपारचं ऊन तोंडावर येतं. दोन हात अलीकडे. थोडी तिरकी. डावा खांदा उजेडाकडे यायला हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. आणि शेजारी एक लहान टेबल, धाग्याची पेटी मावेल एवढं."

सजावटवालीने खुर्ची तशी ठेवली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "मावशी, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं," ती म्हणाली.

दादा पट्टे गुंडाळत होते. ते गुंडाळता गुंडाळता थांबले. "ही कुठे ठेवू?" हा प्रश्न त्यांचा होता. किती हजार बायकांना विचारला असेल याचा हिशेब नव्हता. नव्या नवऱ्या, म्हाताऱ्या, चिडलेल्या, रडवेल्या, ज्यांना नवं घर नको होतं अशासुद्धा. त्या सगळ्या आधी गोंधळायच्या, "थांबा हं, बघते," म्हणायच्या. त्यांच्या बायकोला मात्र बघावं लागलं नव्हतं. उत्तर तिच्याकडे एकोणतीस वर्षं तयार होतं, दुपारच्या उन्हासकट. दादांना लाज वाटली.

सजावटवाली गेल्यावर ते बायकोजवळ जमिनीवर बसले. "मला का नाही कधी बोललीस?"

"बोलले की. पहिल्या वर्षी दोनदा. तुम्ही म्हणालात, घट्ट बसलंय, आता हलवायला नको."

"तिसऱ्यांदा बोलायचं."

"तुम्ही घरी यायचात तेव्हा तुमची पाठ मीच चोळायचे ना? त्या पाठीला म्हणू, आता आपलं कपाट उचल?" तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रागावले नाही हो मी. दिव्याखाली काजं होतात. पण तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मग ती उठली, भिंतीला धरत त्या खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. डावा खांदा उजेडाकडे आला. "खोटं घर," ती हसत म्हणाली, "पण खुर्ची खरी आहे." पुढचे सगळे दिवस ती त्याच खुर्चीत बसून काजं करत होती. गिऱ्हाईक येणार असेल तेव्हा एजंटबाई तिला उठायला सांगायच्या, पण दादा मध्ये पडत. "बसू दे. बघू दे लोकांना इथे काय करता येतं ते."

सातव्या दिवशी तो चष्मेवाला परत आला, खुराडंवाला, या वेळी बायकोला घेऊन. खोलीभर फिरला, खिडकीतून पटांगण बघितलं आणि हळूच एजंटबाईंना विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही मला दुसरं घर दाखवलं होतं का?" बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. दादांनी लावलं नाही.

"हेच घर होतं, साहेब. मी ते कोंबलं होतं. आता तुमच्याकडे काय काय सामान आहे ते सांगा, मी बसतं का ते सांगतो." त्याच्या बायकोने सांगितलं, दादांनी एकेक वस्तू हवेत ठेवून दाखवली. पलंग बसेल, जेवणाचं टेबल बसेल, पियानो जिन्यातून येणार नाही, त्याचा नाद सोडा. "मोठं कपाट आहे? ते त्या भिंतीला लावा. या भिंतीला लावू नका." "का?" तिने विचारलं. दादा म्हणाले, "तुम्हाला खिडकी लागेल. आज नाही वाटलं तरी लागेल."

चष्मेवाल्याची बायको सुई चालवणाऱ्या बाईकडे आणि मग खिडकीकडे बघत राहिली. संध्याकाळी त्यांचा होकार आला. महिनाअखेरीला पाच दिवस बाकी होते. दादांचा जीव भांड्यात पडला, आणि हळूने फोनवर विचारलं, "मग वहिनींना शेवटचं कधी उतरवायचं?"

उतरवलं ते अठ्ठावीस तारखेला. खुर्ची, पट्टे, दादा वर, हळू खाली. या वेळी तिने पहिल्या मजल्यावर डोळे मिटले नाहीत. बेकरीपाशी आल्यावर तिने दोघांना थांबायला लावलं, पाव घेतला, बेकरीवाल्याची चौकशी केली, आणि मगच टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढली.

तळमजल्याच्या घरात ती आपल्या पायांनी गेली. एक पायरी, दाराची चौकट धरून. मोकळ्या खोलीच्या मधोमध ती उभी राहिली. खोलीला तीन भिंती होत्या आणि चौथ्या बाजूला अंगणाकडे उघडणारी रुंद खिडकी.

दादा आणि हळू सगळ्यात आधी कपाट घेऊन आले. खरं तर शास्त्राप्रमाणे ते शेवटी यायला हवं होतं, आणि हळूने तसं म्हटलंही, पण दादांनी ऐकलं नाही. दारातून आत आल्यावर ते थांबले. कपाट पट्ट्यांवर लोंबकळत होतं, दादांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"अगं," ते म्हणाले, "हे कुठे ठेवू?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि ती घाईने म्हणाली, "असू दे हो, जड आहे. आत्तापुरतं तिथे कोपऱ्यात टेकवा."

"आत्तापुरतं नाही," दादा म्हणाले. "नक्की सांग."

"मग मला जरा वेळ लागेल."

"लागू दे."

ती एका भिंतीपाशी गेली. तिथून अंगणाकडे बघितलं. मग दुसऱ्या भिंतीपाशी गेली, हाताने उंची पाहिली, मान हलवली, परत आली. खिडकीशी थांबून उन्हाचा अंदाज घेतला. "दादा," हळू खालच्या टोकाकडून कुंथत म्हणाला, "आज मी हळू म्हणणार नाही. वहिनींना सांगा, जरा लवकर." पण दादा ताठ उभे होते, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.